माश्यांना गूळ-पाणी

एक कोडं घालते. एक घर आहे. त्याला दार एकच, पण तेही सताड उघडं. कडी नाही, कुलूप नाही, राखणीला कुणी नाही. आत जाणारा खुशाल आत जातो, मात्र एकदा गेला की त्याला काही केल्या बाहेर पडता येत नाही. सांगा बरं, का?

नाही ना येत? मलाही येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे ते घर मीच बांधलं होतं, कोकम सरबताच्या एका जुन्या बाटलीचं!

मी जुई. मे महिन्याच्या सुट्टीत मी वेळणेवाडीला आजोबांकडे जाते. खाडी ओलांडायला तिथे विजेवर चालणारी लाँच आहे. तिचा अजिबात आवाज होत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरचे बगळेसुद्धा जागचे हलत नाहीत. लाँचमधून उतरलं की समोरच्या चढावर आजोबांचं घर. आजोबा म्हणजे डॉक्टर दिगंबर मयेकर, कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ). निवृत्त झाल्यावर माणसं आराम करतात. आमच्या आजोबांनी परसात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या आणि आता ते दिवसभर त्यांच्याशीच गप्पा मारत बसतात.

घरातला तिसरा गडी म्हणजे चिमटा. चिमटा हा यंत्रमानव आहे. त्याच्या एका हाताला पाच बोटं आहेत. दुसऱ्या हाताची बोटं एकदा मोडली, तेव्हा आजोबांनी तिथे चुलीजवळचा लोखंडी चिमटा बसवून दिला, म्हणून हे नाव. त्याच्या पाठीवर सौरपट्टी (उन्हापासून वीज बनवणारी पट्टी) आहे. त्यामुळे थोडं काम झालं की तो अंगणात जाऊन ऊन खात उभा राहतो.

आजोबांनी चिमट्याला सगळ्यांत पहिली गोष्ट शिकवली ती ही, की दारात कुणीही येऊ दे, आधी गूळ-पाणी द्यायचं आणि मग चौकशी करायची. चिमटा हे इतकं मनावर घेतो की विचारू नका. गेल्या वर्षी औषधं घेऊन ड्रोन आला, तर चिमट्याने त्याच्यासमोरही गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. ड्रोन बिचारा भुर्रकन निघून गेला, तर हा दिवसभर हिरमुसलेला!

तर या वर्षी मी गेले, तेव्हा घरात एक नवीन पाहुणी होती. लाडू! लाडू म्हणजे आजोबांच्या शेळीची चिमुकली लेक. पांढरी शुभ्र, कान तेवढे तपकिरी, आणि एक मिनिट स्वस्थ उभी राहील तर शपथ. माझ्या फ्रॉकचा खिसा तिने भेट झाल्या झाल्या चघळून टाकला. मला ती इतकी आवडली, इतकी आवडली, की मी त्या दिवशी जेवायलाही गोठ्यातच बसले.

आणि सुट्टी संपत आली असताना ही बया कुंपणावरून उडी मारायला गेली. काटेरी तारेने तिचा मागचा पाय चांगलाच फाडला.

भिंतीवरच्या पडद्यावर गुरांच्या डॉक्टर नाईकबाई आल्या. त्यांनी जखम पाहिली, औषध सांगितलं आणि चष्मा वर करून म्हणाल्या, “मयेकरकाका, औषधाने जखम भरेल. पण एक सांभाळा. जखमेवर माशी बसू देऊ नका. माशी ओल्या जखमेत अंडी घालते. अंड्यांतून अळ्या निघतात आणि त्या आतलं मांस खातात. तसं झालं तर हिचा पाय वाचवणं कठीण जाईल.”

मी लगेच पुठ्ठा घेऊन लाडूला वारा घालायला बसले.

पण माश्या काय कमी होत्या? फणसाचे दिवस. परसात गरे पडलेले, गोठ्यामागे उकिरडा. पट्टी बांधली, ती लाडूने दातांनी सोडली. मच्छरदाणी लावली, तर लाडूने तिचा नाश्ता केला. औषध फवारू म्हटलं, तर आजोबा घाबरेघुबरे झाले.

“अगं, माझ्या मधमाश्या मरतील ना! औषधाला काय कळतं, कोण माशी आणि कोण मधमाशी?”

“मग आमच्याकडे असतं तसं किरणयंत्र मागवू या. उडती माशी पटकन टिपतं.”

“त्यालाही फरक कळत नाही, बाय माझे. दिसलं उडताना काही बारीक, की टिपलं.”

रविवारी मला परत जायचं होतं. मी गेल्यावर लाडूपाशी कोण बसणार? आजोबांचे गुडघे दुखतात. चिमट्याला सारखं ऊन खायला जावं लागतं. मी पुठ्ठा हलवत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. लाडू मात्र मजेत माझ्या वेणीचं टोक चघळत होती.

तेव्हा आजोबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “हात किती वेळ हलवशील? त्यापेक्षा डोकं हलव. माश्यांना हाकलायचं सोडून दे. त्यांना दुसरीकडे बोलव.”

“म्हणजे सापळा?”

“माळ्यावर बघ काही मिळतंय का.”

आजोबांच्या माळ्यावर मिळत नाही असं काही नसतं. त्यांना काही टाकवत नाही! प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानांतून जाऊन वर्षं लोटली, पण इथे कोकम सरबताच्या बाटल्यांची रांग होती. मी एक घेतली. शिवाय सायकलची फाटकी ट्यूब, मोडकी काळी छत्री आणि सुतळीचा गुंडा घेतला.

आजोबांनी सांगितलं तशी मी बाटली गळ्याखाली, जिथे ती रुंद होते तिथे, गोल कापली. मग वरचा तुकडा उलटा करून खालच्या तुकड्यात बसवला. झाकण अर्थातच काढून टाकलं. तेल ओतायचं नरसाळं असतं ना, तसं दिसायला लागलं, वर रुंद आणि खाली बारीक भोक. कडा हलू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून वरून ताणून चढवली. छत्रीच्या तारेची कडी केली, तिला सुतळी बांधली. बाटलीचं घर तयार!

“चिमट्या, यात माश्यांना बोलवायचंय. त्यांना आवडेल असं काहीतरी घाल आणि कुंपणावर टांग,” असं सांगून मी हात धुवायला गेले.

सकाळी उठून पाहते तर काय! बाटली नुसती गुणगुणत होती. आत सोनेरी-काळ्या अंगाच्या मधमाश्या दाटीवाटीने भिंतीवर चढत होत्या, घसरत होत्या, पुन्हा चढत होत्या. काहीजणी तर खालच्या पाण्यात भिजून पडल्या होत्या. ज्यांच्यासाठी सापळा लावला, त्या माश्या गोठ्यात निवांत फिरत होत्या.

“चिमट्या! काय घातलंस तू यात?”

“गूळ-पाणी,” चिमटा म्हणाला. “तू म्हणालीस, बोलवायचंय. बोलावल्यावर गूळ-पाणी नको द्यायला?”

कपाळ माझं! आजोबा काठी टेकत धावत आले. त्यांचा चेहरा पाहून चिमट्याच्या डोळ्यांतला निळा दिवा एकदम मंद झाला. “मी पाहुण्यांना कोंडलं,” तो पुटपुटला आणि बाटली फोडायला त्याने लोखंडी चिमटा उगारला.

“थांब!” मी ओरडले. बाटली चेपली असती तर अर्ध्या मधमाश्या आतच चिरडल्या असत्या, आणि उरलेल्या आमच्यावरच धावल्या असत्या.

मी वाकून पाहायला लागले. भोक तर उघडं होतं. मग एकही मधमाशी तिकडे का जात नव्हती? तेवढ्यात मला दिसलं, की सगळ्या एकाच बाजूला गोळा झाल्या होत्या. सकाळचं ऊन ज्या बाजूने येत होतं, बरोब्बर त्या बाजूला! मी बाटली हळूच फिरवली. मधमाश्याही भिंतीवरून सरकत सरकत पुन्हा उन्हाच्या बाजूला आल्या.

“आजोबा, यांना दार नकोच आहे. यांना उजेड हवाय!”

आजोबा मिशीत हसले. मी पळत जाऊन मोडक्या छत्रीचं काळं कापड आणलं. बाटली हळूच आडवी केली, अंगाभोवती कापड गुंडाळलं, आणि फक्त तोंड उघडं ठेवून ते उन्हाकडे केलं. आता आत सगळा अंधार आणि उजेड फक्त दारातून. एक मधमाशी भोकातून डोकावली, बाहेर आली आणि उडाली. मग दुसरी, मग तिसरी, मग त्यांची रांगच लागली. भिजलेल्यांना आजोबांनी केळीच्या पानावर उन्हात ठेवलं. पंख वाळताच त्यासुद्धा पेटीकडे गेल्या.

“शाब्बास! तू आत्ता जे ओळखलंस ना, त्याला म्हणतात प्रकाशानुवर्तन (उजेडाच्या दिशेने जाण्याची ओढ),” आजोबा म्हणाले. “मधमाशीला ही ओढ फार. साध्या माशीलाही असतेच. ती वासाच्या मागे भोकातून आत शिरते, कारण बाहेरून नरसाळं रुंद असतं, सगळ्या वाटा भोकाकडेच नेतात. आत गेल्यावर मात्र तिला उजेड दिसतो भिंतींमधून. ती भिंतीवर चढते, वर जाते, नरसाळ्याच्या काखेत अडकते. भोक असतं मधोमध, अधांतरी लटकलेलं. तिथे ती क्वचितच पोचते.”

तर हे होतं माझ्या कोड्याचं उत्तर. दार उघडंच असतं, पण आतला दुसरीकडेच बघत बसतो.

“पण मग माझ्या सापळ्यात माश्या येणार कशा, आणि मधमाश्या टळणार कशा?”

“दोघींच्या आवडी बघ की! मधमाशीला फुलांतला गोड रस हवा. म्हणून ती गुळावर आली. माशीलाही गोड चालतं, पण अंडी घालायची तर तिला प्रथिनं (शरीर घडवणारं अन्न) लागतात. आणि ती तिला मिळतात घाणेरड्या, कुजक्या वासाच्या गोष्टींत. मधमाशी असल्या वासाकडे फिरकणारसुद्धा नाही.”

स्वयंपाकघरात कालच्या बांगड्यांची डोकी होती. मी नाक दाबून एक डोकं बाटलीत टाकलं, ते बुडेल इतकं पाणी घातलं आणि आजोबांच्या सांगण्यावरून साबणाचा एक थेंब सोडला. पाण्याच्या वरच्या थराला पृष्ठताण असतो (पाण्यावर पातळ साय ताणून बसवल्यासारखा तो थर वागतो). त्यामुळे माशी पाण्यावर पडली तरी तरंगत राहते. साबणाने तो ताण सैल पडतो आणि माशी बुडते.

आता मला कधी एकदा बाटली लावते असं झालं होतं. आजोबा पेट्या बघायला गेले होते. मी सरळ गोठ्यात गेले आणि लाडूच्या अगदी डोक्यावर, वाशाला बाटली टांगली. जिथे माश्या नको होत्या तिथेच त्या पकडायच्या, हो की नाही?

दुपारी ऊन तापलं, बांगड्याला वास सुटला आणि गोठ्यात माश्यांची जत्रा भरली! बाटलीत खूप माश्या पडल्या होत्या, हे खरं. पण बाटलीबाहेर त्याहून जास्त होत्या. वाशांवर, दाव्यावर, लाडूच्या कानांवर, पाठीवर. लाडू पाय आपटत होती आणि केविलवाणी बेंबें करत होती. मी तिला उचलून घरात नेलं आणि भिंतीवरचा पडदा सुरू करून नाईकबाईंना बोलावलं.

त्यांनी जखम जवळ आणायला सांगितली. कडेला तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

“अंडी आहेत,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता औषधाच्या पाण्याने काढून टाक, एकही ठेवू नकोस. नशीब लवकर दिसलं. पुन्हा असं झालं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर मग मी लांबून काहीच करू शकणार नाही, बाळा.”

आजोबांनी लाडूला धरलं, चिमट्याने दिवा दाखवला आणि मी कापसाने एकेक अंडं पुसून काढलं. सगळं झाल्यावर मी तिच्या गळ्यात पडून रडले. “माझ्यामुळे झालं सगळं. काढून टाकते ती बाटली!”

आजोबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “बाटली चांगली आहे गं. चुकलंय ते दुसरंच काहीतरी. काय बरं चुकलं असेल?”

मी मान हलवली. तेव्हा दिवा धरून उभा असलेला चिमटा म्हणाला, “जुईताई, मला पाहुण्यांचं एवढंच कळतं. त्यांना गूळ-पाणी द्यायचं, आणि बसवायचं बाहेर ओटीवर. आजारी माणसाच्या खोलीत नाही न्यायचं.”

आजोबा तर मांडीवर थाप मारून हसायलाच लागले.

“ऐक! ऐक हा काय म्हणतोय ते! अगं, माशीच्या डोक्यावर शृंगिका असतात (बारीक मिश्या, हेच तिचं नाक). त्यांनी ती लांबूनसुद्धा वास पकडते. तुझ्या बाटलीने साऱ्या वाडीतल्या माश्यांना आमंत्रण धाडलं, आणि पंगत मांडली कुठे? तर लाडूच्या उशाशी! सापळा लावायचा तो आजाऱ्यापासून लांब, माश्या जिथून निघतात त्या वाटेवर.”

“म्हणजे उकिरड्यापाशी!”

“तीच आपल्या माश्यांची ओटी.”

मग आम्ही तिघांनी कंबर कसली. बाटली गोठ्यातून काढून पार उकिरड्याच्या पलीकडे, रातांब्याच्या (कोकमाच्या झाडाच्या) फांदीला उन्हात टांगली. माळ्यावरच्या आणखी बाटल्या कापून तशाच लावल्या. चिमट्याने नरसाळी बसवण्यात इतकी सफाई मिळवली की माझी त्याच्यापुढे लाजच निघाली. परसातले कुजके गरे गोळा करून उकिरड्यात टाकले आणि वर वाळका पाला नि मातीचा जाड थर दिला. कारण ओल्या घाणीतल्या अंड्यातून अळी, अळीचा कोष (ज्यात बंद होऊन अळी माशीचं रूप घेते ते कवच) आणि कोषातून नवी माशी, हे सगळं उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत उरकतं. जुन्या माश्या पकडायच्या आणि नव्या येतच राहायच्या, याला काय अर्थ?

काम करता करता चिमट्याने विचारलं, “आजोबा, माश्या वाईट असतात का?”

“नाही रे. कुजलेलं संपवायला त्या नसत्या तर आपण घाणीत बुडालो असतो. त्यांचं काम उकिरड्यावर आहे, लाडूच्या पायावर नाही. एवढंच आपण त्यांना सांगतोय.”

चिमट्याने थोडा विचार केला. मग तो घरात गेला आणि नारळाची करवंटी घेऊन आला. तिच्यात त्याने खडे भरले, खड्यांच्या मधे थोडं गुळाचं पाणी ओतलं आणि ती मधमाश्यांच्या पेट्यांजवळ ठेवून दिली. खड्यांवर बसून प्यायचं, म्हणजे बुडायची भीती नाही. हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा घेऊन लाडूजवळ बसले, पण माझा हात बराच वेळ थांबून राहायला लागला. एखाददुसरी माशी चुकूनमाकून यायची, तिला मी हाकलायची. पलीकडे रातांब्याच्या झाडावर बाटल्या माश्यांनी काळ्या पडत चालल्या होत्या. आत एकही मधमाशी नव्हती. मी रोज जाऊन, नाक दाबून, नीट बघून यायची.

शनिवारी नाईकबाई पडद्यावर आल्या. मी लाडूचा पाय धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“छान खपली धरली आहे,” त्या म्हणाल्या. “ओल राहिली नाही. आता माशीला तिथे काही मिळणार नाही. पाय वाचला, बाळा!”

मी “हुर्रे” म्हणून ओरडले. लाडूने दचकून चारही पाय एकदम हवेत उडवले, ते पाहून डॉक्टरीणबाईसुद्धा खळखळून हसल्या. मग त्यांनी विचारलं, “त्या बाटल्या कशा केल्या, मला दाखवशील? इथे बऱ्याच गोठ्यांत हाच त्रास आहे. फवारणी न करता जमत असेल तर सगळ्यांनाच सांगते.” मी एक बाटली त्यांच्यासमोर कापून दाखवली. कुठे टांगायची हे मात्र चिमट्याने सांगितलं, कारण तो मान त्याचाच होता.

रविवारी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. लाडू दाव्याला हिसके देत माझ्याबरोबर आली होती. लंगडत होती जराशी, पण मस्तीत काही कमी नाही! मी आजोबांना मिठी मारली. लाडूच्या तपकिरी कानात एक गुपित सांगितलं. लाँच लागली, आणि मी पाय उचलणार एवढ्यात चिमटा पुढे झाला. त्याच्या लोखंडी हातात तांब्या होता आणि बोटांच्या हातावर गुळाचा खडा.

“अरे वेड्या,” मी म्हटलं, “निघताना नाही देत गूळ-पाणी! ते आल्यावर देतात.”

“ठाऊक आहे मला,” चिमटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतला निळा दिवा लखलखत होता. “पुढच्या सुट्टीचं आत्ताच देऊन ठेवतोय. आता तुला यावंच लागेल.”

मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि घोटभर पाणी प्यायले. लाँच आवाज न करता निघाली. लाडू धक्क्यावरून ओरडत होती, आजोबा काठी हलवत होते. मी मात्र लगेच तोंडातला गूळ चावला नाही. पलीकडचा किनारा येईपर्यंत तो मी तसाच गालात धरून ठेवला.